लांबी मोजा, एक वजा

मोठे गुरुजी शहाणे होते की वेडे, हे माझं अजून ठरत नाही. ठरवायला वेळ भरपूर मिळाला. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पुढची तीस वर्षं बाकीच्या हेडमास्तरांना मनातल्या मनात त्यांच्या शेजारी उभं करून बघण्यात गेली, आणि आता निवृत्त होऊन घाटकोपरला गॅलरीत भाजी निवडत बसते तेव्हाही तोच घोळ चालू असतो. एके दिवशी वाटतं, असा माणूस पुन्हा होणे नाही. दुसऱ्या दिवशी वाटतं, नाही झाला तेच बरं.

आमची शाळा नाहूरच्या पूर्वेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पालिकेची, मराठी, पहिली ते चौथी. मी चौथीवर लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि नेमणूक तात्पुरती होती. शेजारच्यांकडे रंगीत टीव्ही आला, तेच ते वर्ष. पहिल्या दिवशी नेमणुकीचा कागद घेऊन मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले, तर तिथे हेडमास्तर नव्हते, खुर्ची नव्हती आणि टेबलही नव्हतं. मला वाटलं चुकीच्या खोलीत आले. शिपाईमामांनी समजावलं, की खुर्ची पहिलीत गेलीय, तिचे पाय मोजायला. टेबल तिसरीत, ते वितींनी मोजतायत. आणि मोठे गुरुजी टेबलाबरोबर गेलेत, कारण त्यांना तिथेच सह्या करायच्या असतात.

तिसरीत गेले तर खरंच, टेबलाच्या एका बाजूला एक उंच, हडकुळे, पांढऱ्या बुशशर्टातले गृहस्थ उभ्याने सह्या करत होते आणि दुसऱ्या बाजूने एक मुलगा वितींनी मोजत मोजत त्यांच्या हातापर्यंत आला होता. गुरुजींनी हात उचलला, मुलाची वीत पुढे जाऊ दिली, आणि मग माझ्या कागदावर सही केली. सही अर्धी वाकडी आली. ती तशीच आयुष्यभर माझ्या फायलीत राहिली.

शाळेला भिंतीवरचं एकच घड्याळ होतं आणि ते भिंतीवर नव्हतं. ते दुसरीत, जमिनीवर, काच काढून ठेवलेलं. मुलांनी काटे फिरवायचे आणि वेळ वाचायची. ठीक आहे. पण घंटा शाळेच्याच घड्याळावर द्यायची हाही गुरुजींचा हट्ट होता, त्यामुळे शिपाईमामा दुसरीत डोकावले की कधी तिथे पावणेचार झालेले असत तर कधी मध्यरात्र. आमच्या मनगटांवर घड्याळं होती, पण ती शाळेची नव्हेत. एकदा साडेदहालाच शाळा सुटली. मुलं घरी पोचली, आया त्यांना परत घेऊन आल्या, आणि फाटकापाशी कोण कोणाला काय विचारतंय तेच कळेना. गुरुजी शांतपणे म्हणाले, दुसरीच्या कुठल्याही पोराला घड्याळ दाखवा, वाचतं की नाही बघा. वाचत होतं, हे खरं. घड्याळ वाचता येणारी मुलं होती आणि किती वाजले ते माहीत नसलेली शाळा होती. तिसरीचे गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "बघा बाई, हा माणूस एक दिवस आपली सगळ्यांची वाट लावणार."

मोठ्या गुरुजींचं म्हणणं एकच होतं. शाळेत आलेली वस्तू झिजली पाहिजे. न झिजलेली वस्तू दिसली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा इतरांचा फुटलेली वस्तू पाहून होतो. दर शनिवारी ते वर्गावर्गांतून फिरून झीज तपासायचे. डस्टरची लोकर उडालेली असली की पाठ थोपटायचे. खडूचा डबा भरलेला दिसला की म्हणायचे, "डबा भरलेला म्हणजे मास्तर रिकामा." मी एकदा त्यांच्या भीतीने शुक्रवारी संध्याकाळी नवेकोरे खडू दगडावर घासून अर्धे केले होते. त्यांनी एक खडू उचलला, त्याचं टोक बघितलं, आणि म्हणाले, "फळ्यावर झिजलेला खडू तिरका झिजतो बाई." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

महाराष्ट्राचा नकाशा तर बघण्यासारखा होता. आपण कुठे राहतो ते रोज एकेका मुलाने बोट ठेवून दाखवायचं, असा त्यांचा नेम. इतकी वर्षं इतकी बोटं लागली की मुंबईच्या जागी कागद झिजून, फाटून, आरपार भोक पडलं. मागची भिंत दिसायची. दुसऱ्या वर्षी मी नव्या चौथीला विचारलं, आपण कुठे राहतो, तर खाडीकडच्या कोळीवस्तीतली हिरा म्हणून एक मुलगी होती, ती उठून म्हणाली, "त्या भोकान." आणि तिने बिनचूक त्या भोकात बोट घातलं. कुणी हसलं नाही. त्यांच्या दृष्टीने उत्तर बरोबरच होतं.

ही हिरा लक्षात ठेवण्यासारखी होती. तिला जे सांगावं ते ती तसंच्या तसं करायची आणि जे दिसेल ते तसंच्या तसं सांगायची. तिची आई बाजारात म्हावरं विकायला बसायची. तराजूच्या तासाला प्रत्येकाने घरून काहीतरी वजन करायला आणायचं असे. हिरा सुके बोंबील आणायची आणि आठवडाभर तराजूच्या पारड्यांना वास यायचा. साखर, गोटे, चपला, डबे, सगळं त्या तराजूवर चढायचं. एकदा पहिलीतल्या पोराने आपला दुधाचा पडलेला दात आणून ठेवला, आणि पारडं हललंसुद्धा नाही, म्हणून तो रडला. गुरुजी त्याच्याजवळ उकिडवे बसून बराच वेळ त्याला काहीतरी समजावत होते. काय ते मला कधी कळलं नाही.

आता इतकं सगळं बघितल्यावर मला वाटलं होतं की या माणसाचं घर म्हणजे भंगाराचं दुकान असणार. संक्रांतीला त्यांच्या बायकोने आम्हां बाईमाणसांना हळदीकुंकवाला बोलावलं. मुलुंडला दोन खोल्यांचं घर. आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकले. सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण. रेडिओला भरतकामाचं झाकण, त्यावर पुन्हा प्लास्टिक. शोकेसला कुलूप, आत काचेची हरणं, बाहुल्या आणि चांदीचा पेला. स्टीलच्या ग्लासांवर दुकानाची चिठ्ठी तशीच. मी हळूच वहिनींना म्हटलं, तुम्ही किती निगुतीने ठेवता हो. त्या म्हणाल्या, मी कुठली, हे सगळं ह्यांचं. आमच्या मुलीने लग्न होईपर्यंत त्या बाहुल्यांना हात लावला नाही. मला लावू देत नाहीत, तुम्हाला काय सांगू. त्या हसून म्हणाल्या खऱ्या, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारण्याचा आगाऊपणा केला. घरी एक आणि शाळेत एक, असं का. ते जरा गोंधळल्यासारखे दिसले. कुणी त्यांना हे आधी विचारलं नसावं. मग म्हणाले, ते आपलं आहे ना, हे मुलांचं आहे. एवढं बोलून ते गेले. मी यावर खूप विचार केला आहे. कधी ते उत्तर मला फार थोर वाटतं, आणि कधी त्या मुलीच्या बाहुल्या आठवल्या की राग येतो.

आमच्या इमारतीत शाळा दोन भरत. सकाळी आमची, दुपारी दुसरी. बाक तेच, फळे तेच, नळही तेच. मुलंसुद्धा तीच म्हणायची, कारण एका घरातला थोरला सकाळी आणि धाकटा दुपारी असा प्रकार होता. फक्त हेडमास्तर वेगळे, आणि कपाटं वेगळी. दरवर्षी साहित्य यायचं ते दोन्ही शाळांना सारखंच, दोन पृथ्वीगोल, दोन नकाशे, दोन तराजू. दुपारच्या मोठ्या बाई व्यवस्थित होत्या. त्यांच्या कपाटांना तीन मोठी कुलपं होती आणि आतला पृथ्वीगोल कागदात गुंडाळलेला होता. वर्षातून एकदा तपासणीला तो बाहेर निघायचा, साहेबांसमोर एक गिरकी घ्यायचा आणि परत कागदात जायचा. आमच्या कपाटांना कुलूप नव्हतंच. एका कपाटाचं दारही नव्हतं, ते काटकोन शिकवायला काढलं होतं.

माझ्या दुसऱ्या वर्षी आमच्या विभागाला नवे निरीक्षक आले. तरुण, सभ्य, हळू बोलणारे. त्यांनी साहित्याची मोजणी केली तेव्हा आमच्या पृथ्वीगोलावरची अर्धी अमेरिका पुसली गेलेली होती, नकाशाला भोक होतं, मीटरची लाकडी काठी टोकाला तुटलेली होती आणि तराजूला बोंबलाचा वास. दुसरा कुणी असता तर भडकला असता. हे साहेब उलट खूश झाले. ते नोकरी सांभाळून एम.एड. करत होते आणि त्यांना प्रबंधाला विषय हवा होता. एकच इमारत, एकच वस्ती, एकीकडे उघडी कपाटं आणि एकीकडे बंद. शाळेतलं साहित्य वापरल्याने परीक्षेतल्या गुणांवर काय परिणाम होतो, हे याहून चांगलं कुठे बघायला मिळणार?

त्यांनी ठरवलं की दोन्ही शाळांच्या चौथ्यांची एकच चाचणी घ्यायची. आमचे पेपर दुपारच्यांनी तपासायचे, त्यांचे आम्ही. ते गुरुजींना म्हणाले, तुमची मुलं पुढे असली तर विभागातल्या सगळ्या शाळांनी कपाटं उघडावीत असं मी वर लिहीन. पण मागे पडली तर या मोडतोडीचं मला काहीतरी करावं लागेल. गुरुजी म्हणाले, "मागे पडली तर तुम्ही कशाला? मी स्वतः कुलूप लावीन." मी तिथेच होते. ते हे इतक्या सहज म्हणाले की मला वाटलं गंमत करतायत. पण त्यानंतर ते तीन-चार दिवस वर्गांतून फिरताना वस्तूंना उगीच हात लावत होते, आणि मला कळलं की गंमत नव्हती. त्यांना निवृत्त व्हायला चार महिने होते. त्यांच्यामागून कपाटं उघडी राहणार की बंद, हे माझ्या चौथीवर ठरणार होतं.

आता त्या काठीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिचा. किंवा तिचा नाही.

मीटरची ती काठी मुलांनी व्हरांडाभर ओढून, भिंतींना टेकवून, फाटक मोजून मोजून सुरुवातीला झिजली होती आणि मग तिचं टोकच गेलं. शून्य नव्हतं. काठी एकपासून सुरू व्हायची. मी नवी मागितली तर गुरुजी म्हणाले, नकोच. नव्या काठीवर मूल फक्त शेवटचा आकडा वाचतं. हिच्यावर त्याला विचार करावा लागतो, की सुरू कुठून झालं आणि संपलं कुठे. चौथीच्या वर्गात त्यांनी स्वतः एक तास घेऊन दाखवला. पेन्सिल कधी एकपासून ठेवली, कधी चारपासून, कधी मधूनच. मुलं आधी बावरली, मग काहींचे डोळे चमकले. सगळ्यांचे नाही. वर्ग बावन्न मुलांचा होता.

चाचणीला दहा दिवस राहिले आणि माझा धीर सुटला. मी लांबीची उदाहरणं घालावीत आणि निम्म्या वर्गाने एक सेंटिमीटर जास्त लिहावा. मला तर त्या कपाटांना जिंकवायचं होतं. गुरुजींसाठी जिंकवायचं होतं, हे मी अगदी खरं सांगते. मग मला एक युक्ती सुचली. काठी एकपासून सुरू होते ना, मग जे उत्तर येईल त्यातून एक काढा, झालं. मी त्याचं गाणंच केलं. लांबी मोजा, एक वजा. लांबी मोजा, एक वजा. मुलांनी ते दोन दिवसांत पाठ केलं, हाताने ठेका धरून म्हणायला लागली, आणि सगळ्यांची उत्तरं बरोबर यायला लागली. हिरा सगळ्यांत मोठ्याने म्हणायची.

गुरुजी एकदा ते ऐकून दारात उभे राहिले. गाणं संपेपर्यंत थांबले. मग मला विचारलं, "सुरुवात बघायला सांगता ना, बाई?" मी म्हणाले, हो हो, सांगते ना. ते आणखी काहीतरी बोलणार होते असं वाटलं, पण बोलले नाहीत. का बोलले नाहीत? माझी हौस मोडू नये म्हणून? की त्यांना माझ्यावर विश्वास ठेवावासा वाटला? मी हा प्रश्न पुष्कळदा उलटसुलट करून बघितला आहे.

चाचणी झाली. पेपरात लांबीचा मोठा प्रश्न होता, सगळा चित्रांचा. पट्टी काढलेली आणि तिच्यावर पेन्सिल, खिळा, पान, रिबीन. पट्टी चांगली, अखंड, शून्यापासून सुरू होणारी. वर्गावर देखरेख करताना मी ते चित्र वरून बघितलं, आणि पुन्हा एकदा बघितलं. बावन्न डोकी खाली होती. कुणाचे तरी ओठ हलत होते, ठेक्यात.

पुढच्या शनिवारी शाळा सुटताना साहेब निकाल घेऊन माझ्या वर्गात आले. गुरुजी होते, दुपारच्या बाईही होत्या. निकाल असा विचित्र होता की साहेबांनाच त्याचं काय करावं कळत नव्हतं. वजनांच्या प्रश्नात आमची मुलं पुढे. घड्याळातही पुढे. कोऱ्या नकाशात मुंबई दाखवा म्हटलं होतं, तर आमच्या निम्म्या मुलांनी अगदी अचूक जागी पेन्सिल खुपसून कागदाला भोक पाडलं होतं. दुपारच्या बाईंनी त्याला गुण दिले नव्हते, आणि आता त्यांना स्वतःलाच ते बरोबर केलं की चूक हे कळत नव्हतं. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझ्या पोरांनी तराजू कधी बघितलाच नाहीये गं. मग त्यांना वजनात एवढे तरी गुण कसे पडले?" पण लांबीच्या प्रश्नात आमच्या एकाही मुलाला एकही गुण नव्हता. त्या एका प्रश्नाने सगळं ओढून खाली आणलं होतं. आम्ही मागे पडलो होतो, थोडेच, पण मागे.

साहेबांना याचं नवल वाटत होतं. सगळी उत्तरं एकाने कमी, सगळ्यांची. त्यांनी वर्गाला प्रेमाने विचारलं, पेन्सिल सहा कशी आली? हिराने हात वर केला. तिच्या दप्तरात स्वतःची प्लास्टिकची पट्टी होती, ती तिने वर धरली.

"माझे पट्टीन सात येतान," ती म्हणाली. "पन बाई बोलल्या एक काढायचा, म्हनून सहा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझी नेमणूक पक्की करायची की नाही याचा शेरा याच साहेबांनी पुढच्या महिन्यात लिहायचा होता. आणि तेवढ्यात गुरुजी पुढे झाले.

"बाईंनी नाही. मी शिकवलंय ते. माझी काठी तुटकी, त्यावर माझं शिकवणं हे असं."

"नाय गुरुजी," हिरा म्हणाली. ती त्यांना मदत करत होती, त्यांच्या लक्षात नाही असं समजून. "बाईंनीच. ते गानं."

गुरुजींचा आवाज मी त्याआधी कधी चढलेला ऐकला नव्हता. "खोटं बोलू नकोस. खाली बस."

हिरा खाली बसली. ती रडली नाही. तिने पट्टी दप्तरात ठेवली, मग बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा ठेवली. साहेबांनी वहीत लिहिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुसरं काही वाटलंच नाही, फक्त सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली.

साहेब गेल्यावर दुपारच्या बाईंनी आपली जादाची कुलपं दिली. काढलेलं दार शिपाईमामांनी पुन्हा बसवलं. तराजू, पृथ्वीगोल, भोकाचा नकाशा, सगळं आत गेलं. घड्याळ दुसरीतून उठून भिंतीवर गेलं. गुरुजींनी एकेक कुलूप स्वतः लावलं, ओढून बघितलं, आणि किल्ल्या हातात घेऊन ते आपल्या खोलीत जाऊन बसले. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी आत गेले आणि बरंच काहीबाही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, तुमचा शेरा पुढच्या महिन्यात जायचाय, आणि माझे चार महिने राहिलेत, माझं कोण काय करणार, एवढंच आहे ते. मी म्हणाले, पण मी साहेबांना सांगितलं की चूक काठीची नव्हती, गाण्याची होती, तर ते पुन्हा चाचणी घेतील, आणि कुलपं निघतील. ते म्हणाले, हो, निघतील. साहेब सोमवारी अहवालावर सही घ्यायला यायचेत, त्यानंतर तो वर जाईल.

मग त्यांनी विचारलं, "सांगाल?"

मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. माझी बस चुकेल, असं म्हणाले.

त्यांनी मान हलवली. रागावलेले मुळीच दिसले नाहीत. मी दारापर्यंत पोचले तेव्हा ते माझ्याशी नव्हे, स्वतःशीच म्हणाले, त्या पोरीला मी खोटं पाडलं.

सोमवारी प्रार्थनेला सगळी शाळा अंगणात उभी होती. प्रत्येक वर्गाची रांग आणि रांगेच्या पुढे त्या वर्गाच्या बाई नाहीतर गुरुजी. साहेब आले होते, फाइल घेऊन व्हरांड्यात उभे होते, माझ्यापासून दहा पावलांवर. प्रार्थना संपली तरी गुरुजींनी मुलांना जायला सांगितलं नाही. त्यांनी हिराला पुढे बोलावलं. ती घाबरत गेली. तिला वाटलं असणार की शनिवारची शिक्षा आज मिळते.

गुरुजी म्हणाले, "शनिवारी हिरा खरं बोलली होती. मी खोटं बोललो. मी मोठा, म्हणून माझं खरं धरलं गेलं. हिरा, माझं चुकलं."

आणि त्या उंच माणसाने दोन्ही हातांनी आपले कान धरले आणि तिच्यासमोर मान खाली घातली. पहिलीची मुलं हसली, कारण कान धरलेला माणूस त्यांना माहीत होता, पण तो हेडमास्तर कधी नसे. बाकीच्यांना हसावं की गप्प राहावं ते कळेना. तिसरीचे गुरुजी माझ्याकडे बघून खांदे उडवत होते, काय चाललंय काय. ते शनिवारी वर्गात नव्हते. साहेबांनी फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि ते थांबले, ते गाणं ज्याने शिकवलं तो आता स्वतः सांगेल अशा बेताने.

हिराने थोडा विचार केला. तिचा हिशेब साधा होता.

"मंग गुरुजी, कपाटं उघडायची ना?"

गुरुजींनी कान सोडले. म्हणाले, "ते माझ्या हातात नाही, बाळ." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अगदी ठरवून बघितलं नाही, फाटकाकडे बघत राहिले. पण हिराने बघितलं. ती वळली आणि माझ्याकडे बघत तिने हात वर केला, वर्गात प्रश्न विचारताना करायची तसा. तिचं बघून माझ्या रांगेतल्या आणखी एकाने केला, मग दुसऱ्याने, मग सगळ्या चौथीने. त्यांना काय विचारायचं होतं हे त्यांना तरी कळलं होतं की नाही कोण जाणे. साहेब व्हरांड्याच्या पायरीवर आले.

मी पुढे झाले. "हात खाली," मी म्हणाले. "रांग मोडू नका."

मुलांनी हात खाली केले. हिराने सगळ्यांत शेवटी केला.